आधी परतीची वाट, मग भटकंती

संगणकासमोर पहिल्यांदा बसलेल्या माणसाचा हात नीट बघा. तळवा माउसवर टेकलेला असतो, पण बोट मात्र बटणाच्या जरा वर, अधांतरी. आपण काही भलतंच दाबलं आणि सगळं उडालं तर, ही धास्ती त्या बोटात उतरलेली असते. ओळखीच्या माणसांना शेजारी बसवून संगणक शिकवायला मला मनापासून आवडतं, आणि इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. नवख्या माणसाला आधी 'केलेलं मागे कसं घ्यायचं' ते शिकवावं. बाकीचं बरंचसं तो खुडबुड करत आपलं आपण शिकतो.

माझ्याकडे एक आजोबा शिकायला यायचे. नोकरीतल्या आठवणी त्यांनी एका बोटाने टाइप केल्या होत्या, तब्बल तीन पानं. एका दुपारी कसं कोण जाणे, सगळा मजकूर सिलेक्ट झाला आणि स्पेसबारला धक्का लागला. पान कोरं! आजोबांचा चेहरा पडला, दोन्ही हात मांडीवर आले. मी म्हटलं, "आजोबा, डाव्या हाताने कंट्रोल धरून ठेवा आणि झेड दाबा." तिन्ही पानं जशीच्या तशी हजर. मग आजोबांनी काय करावं? मुद्दाम सगळं सिलेक्ट केलं, पुसलं, परत आणलं. पुन्हा पुसलं, पुन्हा आणलं. त्या दिवसानंतर त्यांचं बोट कधी अधांतरी राहिलं नाही.

पहिली पायरी: मागे या

तुम्हीही आज हेच करून बघा. एक नवी फाइल उघडा आणि चार ओळी लिहा. कंट्रोल-ए दाबून सगळं निवडा, डिलीट करा आणि कंट्रोल-झेड दाबा. गरजेपेक्षा जास्त मागे गेलात तर कंट्रोल-वाय दाबून पुढे या. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड ही कळ असते, आणि पुढे येण्यासाठी कमांड-शिफ्ट-झेड. कीबोर्डवर झेड, एक्स, सी आणि व्ही खालच्या ओळीत शेजारी शेजारी बसलेत: मागे घ्या, कापा, कॉपी करा, चिकटवा. दिवसभराचं निम्मं काम या चार कळांत आटोपतं.

हे सुख पहिल्यापासून नव्हतं. १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात 'ब्राव्हो' नावाचा लेखनाचा प्रोग्रॅम होता. त्यात तीच कळ कधी अक्षर उमटवायची, तर कधी हुकूम समजली जायची. लिहिण्याच्या अवस्थेत नसताना कुणी 'एडिट' हा शब्द टाइप केला, की त्यातल्या ई चा अर्थ व्हायचा 'सगळं निवड', डी चा 'पुसून टाक', आय चा 'इथे नवा मजकूर घाल'. मग कोऱ्या पानावर उरायचा एकटा टी. तिथेच काम करणाऱ्या लॅरी टेस्लर यांना ही तऱ्हा अजिबात मान्य नव्हती. एका कळीचा अर्थ वेळेनुसार बदलता कामा नये, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. त्यांनी टिम मॉट यांच्यासोबत 'जिप्सी' नावाचा प्रोग्रॅम घडवला आणि कट-कॉपी-पेस्टची आजची रीत तिथे आकाराला आली. नवखा माणूस गोंधळला तर दोष त्याचा नसतो, हे टेस्लर यांनी फार लवकर ओळखलं होतं, म्हणून मला त्यांच्याबद्दल विशेष आदर आहे.

ब्राउझरमध्येही परतीची वाट असते. वाचता वाचता टॅब बंद झाला तर कंट्रोल-शिफ्ट-टी दाबा. तो टॅब उघडतो, पुन्हा दाबलंत तर त्याच्या आधीचा. परवा वाचलेलं पान सापडत नसेल तर कंट्रोल-एच दाबून इतिहास उघडा आणि लक्षात राहिलेला एखादा शब्द शोधा. विंडोजवर एकदाच विंडोजची कळ धरून व्ही दाबा आणि विचारलं तर होकार द्या. त्यानंतर तुम्ही कॉपी केलेल्या शेवटच्या बऱ्याच गोष्टी त्या चौकटीत साठतात, एकावर दुसरी कॉपी केली म्हणून पहिली हरवत नाही. मात्र पासवर्डही तिथे दिसू शकतो, तेव्हा संगणक दुसऱ्याच्या हाती देण्याआधी ती यादी रिकामी करा.

पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जाते हे बहुतेकांना माहीत असतं. पण शिफ्ट धरून डिलीट केलं तर ती बिनमध्ये न जाता थेट जाते, आणि विंडोजवर पेनड्राइव्हमधून पुसलेल्या फाइलचंही तेच होतं. ही दोन ठिकाणं नीट लक्षात ठेवा, इथे वाट संपते. गूगल डॉक्ससारख्या ऑनलाइन लेखनात उलट सोय आहे. फाइल मेन्यूत 'व्हर्जन हिस्ट्री' उघडली की कालचा, गेल्या आठवड्यातला मजकूर तारखेसह दिसतो आणि हवा तो परत आणता येतो.

दुसरी पायरी: फाइलला नाव द्या, आणि तिच्या आत डोकवा

'नवीन', 'नवीन फायनल', 'फायनल पक्कं २' अशा नावांच्या फाइली मी शेकड्यांनी पाहिल्यात. यावर उपाय साधा आहे. नावाच्या सुरुवातीला तारीख टाका, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: '२०२५-०३-०९ अर्ज'. महिना आणि दिवस दोन आकडीच लिहा. मग नावाप्रमाणे लावलेल्या फाइली आपोआप तारखेप्रमाणे लागतात. तारीख अशी लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहे, आयएसओ ८६०१ त्याचं नाव.

दुसरं, फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, दिसू द्या. विंडोज ते मुळात लपवून ठेवतं. विंडोज ११ मध्ये कुठलंही फोल्डर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' निवडा. हे का करायचं? 'पावती डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' या नावाची फाइल शेपूट लपलेलं असताना 'पावती डॉट पीडीएफ' अशी दिसते. तुम्ही पावती समजून उघडता आणि प्रत्यक्षात एक प्रोग्रॅम चालू होतो.

शेपूट दिसायला लागलं की एक गंमतही करता येते, आणि ती कामाचीही आहे. समजा कुणी तुम्हाला वर्डची फाइल पाठवली, तिच्यात वीस फोटो आहेत आणि तुम्हाला ते सगळे वेगळे हवेत. एकेक फोटो राइट क्लिक करून सेव्ह करत बसू नका. आधी त्या फाइलची कॉपी करा, कारण मूळ प्रत हातातली जाऊ द्यायची नाही. कॉपीच्या नावातलं 'डॉक्स' हे शेपूट खोडून तिथे 'झिप' लिहा. विंडोज घाबरवणारी सूचना दाखवेल, 'यस' म्हणा. आता ती फाइल उघडा. आत फोल्डर दिसतील, त्यांपैकी 'वर्ड' या फोल्डरमध्ये जा, त्यात 'मीडिया' नावाचं फोल्डर असेल, आणि त्यात वीसही फोटो ओळीने मांडून ठेवलेले. ऑफिस २००७ पासूनच्या वर्डच्या फाइली खरं तर अशी बांधलेली गाठोडीच आहेत, मजकूर एकीकडे, चित्रं दुसरीकडे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा घड्याळाचं मागचं झाकण उघडून आतली चाकं पाहावीत तसं वाटलं होतं. तुम्ही करून बघाच.

तिसरी पायरी: जिथे कंट्रोल-झेड नाही

आता गंभीर भाग. संगणकावरच्या बहुतेक चुका मागे घेता येतात, पण काही येत नाहीत. अनोळखी माणसाला सांगितलेला ओटीपी, खोट्या पानावर टाइप केलेला पासवर्ड, पाठवलेले पैसे. इथे मात्र बोट अधांतरीच राहू द्या आणि आधी पत्ता वाचा.

पत्ता वाचायचा म्हणजे नक्की काय? ब्राउझरच्या वरच्या पट्टीत पत्त्याच्या सुरुवातीला दोन तिरक्या रेघा असतात; त्या दिसत नसतील तर थेट सुरुवातीपासून निघा. त्यांच्यापुढे जात राहा आणि पहिली एकटी तिरकी रेघ जिथे दिसेल तिथे थांबा. आता तिथून डावीकडे, उलटं वाचा. समजा तुमची बँक 'अबक डॉट कॉम' इथे आहे. तुम्हाला आलेली लिंक अशी आहे: 'अबक डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट नेट', मग तिरकी रेघ, मग 'लॉगिन'. रेघेपासून मागे वाचलं तर आधी येतं 'नेट', मग 'खातेतपासणी'. म्हणजे हे घर खातेतपासणीवाल्याचं आहे. पुढे लिहिलेलं 'अबक डॉट कॉम' ही त्याने दारावर चिकटवलेली पाटी. मालक नेहमी उजव्या टोकाला असतो. काही पत्त्यांत शेवटी 'को डॉट इन' किंवा 'गव्ह डॉट इन' अशी जोडी असते, तिथे त्या जोडीच्या लगेच डावीकडचा शब्द बघायचा.

कुलुपाच्या चित्रावर भरवसा ठेवू नका. कुलूप फक्त एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या पानाच्या मधलं बोलणं दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. समोरचा प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही. ठग मंडळीही कुलूप लावतात. लोकांचा नेमका हाच गैरसमज होत होता, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप काढून तिथे साधं सेटिंगचं चिन्ह ठेवलं.

पासवर्डबद्दल माझं म्हणणं थोडक्यात असं. एकच पासवर्ड दोन ठिकाणी वापरू नये. इतके पासवर्ड पाठ राहणं शक्य नाही, म्हणून बिटवॉर्डन किंवा कीपाससारखा पासवर्ड मॅनेजर वापरावा, आणि पाठ करावा तो फक्त त्याचा एक मुख्य पासवर्ड. तो लांब हवा. त्यासाठी फासे टाकून शब्द निवडण्याची एक सुंदर पद्धत आहे, 'डाइसवेअर'. आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी ती १९९५ मध्ये मांडली. फासा पाच वेळा टाकला की ७,७७६ शक्यता तयार होतात, तेवढ्याच शब्दांची क्रमांक दिलेली यादी असते, आणि आलेल्या क्रमांकाचा शब्द घ्यायचा. असे सहा शब्द एकापुढे एक लावले की झाला पासवर्ड. शब्द आपल्या मनाने निवडायचे नाहीत, कारण आपलं मन मुलांची नावं आणि जन्मतारखांकडेच वळतं, आणि तेच इतरांनाही माहीत असतं.

तुमचा ईमेल पत्ता एखाद्या चोरीला गेलेल्या यादीत आहे का, हे पाहायचं असेल तर 'हॅव आय बीन पोन्ड' ही साइट आहे. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. फक्त ईमेल पत्ता टाकायचा. नाव निघालं तर घाबरून न जाता त्या ठिकाणचा पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही. ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा कोडही मागितला जाईल. ती लावताना मिळणारे राखीव कोड कागदावर लिहून घरात ठेवा. फोन हरवला की तो कागदच तुम्हाला आत नेतो.

चौथी पायरी: तीन, दोन, एक

बॅकअपचा नियम छायाचित्रकारांच्या जगातून आला आणि सगळीकडे रुळला: महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. घरच्या माणसासाठी हे फार सोपं आहे. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी ऑनलाइन साठवणीत.

इथे एक गोष्ट सोडू नका. फोन आणि ऑनलाइन साठवण एकमेकांशी जुळवून ठेवलेली असेल, तर त्याला बॅकअप समजू नका. जुळवणी म्हणजे आरसा. इकडे पुसलंत की तिकडेही पुसलं जातं. एका मुलीने फोनमध्ये जागा करायला लग्नाचे फोटो पुसले, 'ऑनलाइन आहेतच की' असं म्हणत, आणि ते दोन्हीकडून गेले. ऑनलाइन कचरापेटीत ते काही दिवस राहतात हे तिला सुदैवाने वेळेत कळलं. म्हणून हार्ड डिस्कवर प्रत घ्या आणि काम झालं की ती काढून कपाटात ठेवा. दोन-तीन महिन्यांनी एखादी फाइल तिथून उघडून बघा. न तपासलेल्या बॅकअपचा भरवसा नाही.

मराठी लिहिताना

युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली दुसऱ्याच्या संगणकावर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारख्या दिसतात, शोधताही येत नाहीत. अशी फाइल हाती आली तर टाकून देऊ नका, तो फॉन्ट कुठला ते विचारा आणि त्याचा युनिकोड परिवर्तक शोधा. मजकूर शाबूत असतो, फक्त वेष बदललेला असतो.

उच्चाराप्रमाणे टाइप करणं सोपं वाटतं आणि सुरुवातीला ते ठीकच आहे. पण रोज लिहिणार असाल तर इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिका, पंधरा दिवस त्रास होतो आणि मग हात धावतो. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, बहुतेक भारतीय लिप्यांना हीच मांडणी. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र अनेकांना जमत नाही आणि 'दुसर्या' असं काहीतरी उमटतं. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, मग डी, मग य ची कळ, एवढंच.

पाचवी पायरी: शोधणं आणि हाताशी ठेवायची साधनं

लांब पानावर हवा तो शब्द डोळ्यांनी शोधू नका, कंट्रोल-एफ दाबा. ही कळ न जाणणारी माणसं अजून खूप आहेत, आणि ती दाखवली की त्यांचा चेहरा उजळतो. गूगलवर शोधताना नेमकं वाक्य हवं असेल तर अवतरण चिन्हांत टाका. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावा, मध्ये जागा न सोडता. एकाच साइटमध्ये शोधायचं तर 'साइट' हा शब्द इंग्रजीत, त्यापुढे विसर्गासारखे दोन टिंब आणि लगेच पत्ता.

फोटो कापायला, त्यावर अक्षरं टाकायला 'फोटोपी' आहे, ब्राउझरमध्येच चालतं, काही उतरवून घ्यावं लागत नाही. फोटोचा आकार किलोबाइटमध्ये कमी करायला 'स्क्वूश'. या दोन्हींची खास गोष्ट अशी की तुमचा फोटो तुमच्याच संगणकावर राहतो. बाकी अनेक 'पीडीएफ करून देतो' म्हणणाऱ्या साइट तुमची फाइल आपल्या सर्व्हरवर नेतात. सोपी परीक्षा आहे: पान पूर्ण उघडू द्या, मग वाय-फाय बंद करा आणि काम करून बघा. झालं, तर ते काम तुमच्या संगणकावरच होतंय. अडलं, तर तिथे ओळखपत्र किंवा बँकेचा कागद टाकू नका.

संशयास्पद फाइल किंवा लिंक 'व्हायरसटोटल'वर तपासता येते, अनेक अँटिव्हायरसचा निकाल एकदम मिळतो. तिथे टाकलेली फाइल सुरक्षा संशोधकांना पाहता येते, म्हणून खासगी कागद तिथेही नको.

आणि आता भटका

परतीची वाट हाताला लागली की इंटरनेटवर नुसतं भटकण्यात फार आनंद आहे. 'रेडिओ गार्डन' उघडा. पृथ्वीचा गोल दिसेल, त्यावर हिरवे ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे तिथली रेडिओ केंद्रं. गोल फिरवा, थांबा, ऐका. 'अर्थ नलस्कूल' वर जगभरचे वारे वाहताना दिसतात, वादळ असलं तर त्याचा भोवरा स्पष्ट उमटतो. ब्राउझर 'पान सापडलं नाही' म्हणतो तेव्हा ४०४ हा आकडा दिसतो. तसाच ४१८ हा आकडाही आहे. त्याचा अर्थ 'मी चहाची किटली आहे'. १ एप्रिल १९९८ रोजी कॉफीयंत्रांसाठी म्हणून थट्टेने लिहिलेल्या एका नियमावलीतून तो आला, आणि प्रोग्रॅमर मंडळींनी तो प्रेमाने जपलाय.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते 'वेबॅक मशीन', कारण ती अख्ख्या इंटरनेटची परतीची वाट आहे. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये 'इंटरनेट अर्काइव्ह' सुरू केलं आणि तेव्हापासून तिथे वेबपानांच्या प्रती साठतायत. २००१ पासून त्या सर्वांना पाहता येतात. 'वेब डॉट अर्काइव्ह डॉट ऑर्ग' वर जा, कुठल्याही साइटचा पत्ता टाका. वर्षांची पट्टी आणि खाली कॅलेंडर येईल. रंगीत गोल असलेल्या तारखेवर क्लिक करा, ती साइट त्या दिवशी दिसायची तशी उघडेल. बंद पडलेली लिंक मिळाली तर तीही इथे टाकून बघा. तुम्हाला मोलाचं वाटणारं पान असेल तर वेबॅक मशीनच्याच पानावरच्या 'सेव्ह पेज नाऊ' मध्ये त्याचा पत्ता टाका, त्याची प्रत तिथे राहील.

जगातली पहिली वेबसाइट पाहायची असेल तर 'इन्फो डॉट सर्न डॉट सीएच' उघडा. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत बनवलेली पानं तिथे पुन्हा मांडलेली आहेत. पांढरं पान, काळी अक्षरं, निळ्या लिंक. चित्र एकही नाही.

त्यानंतर 'ट्रोजन रूम कॉफी पॉट' शोधा. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतल्या संशोधकांना जिने चढून गेल्यावर कॉफीचं भांडं रिकामं सापडायचं. म्हणून त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि त्याचं छोटंसं कृष्णधवल चित्र आपापल्या पडद्यावर आणलं. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि जगभरातली माणसं त्या भांड्यात कॉफी आहे की नाही हे बघायला लागली. २२ ऑगस्ट २००१ रोजी कॅमेरा बंद झाला. त्याने टिपलेलं शेवटचं चित्र अजून पाहायला मिळतं. त्यात बंद करायचं बटण दाबणारी बोटं दिसतात.